बुधीचे गुरुवार

शरू, अगं निकाल आला! आणि असा आला की मी ऑफिसात खुर्चीवरून उठून चक्क ओरडले. आजूबाजूची पोरं दचकली. टीम लीड धावत आला, "सुजाता, सर्व्हर डाऊन आहे का?" मी म्हटलं, "नाही रे, माकडाच्या शीचा रिपोर्ट आलाय." तो बिचारा आल्या पावली परत गेला. (हो, वानर. माकड नव्हे. आता तरी चुका काढणं सोड.) मग सवयीनं फोन उचलून तुझा नंबर लावला, आणि पलीकडे बेल वाजायला लागल्यावर आठवलं की तू नाहीस. तुझ्या बंद घरात ती वाजत राहिली आणि मी इकडे ऐकत बसले. ठेववेना.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशातली गत झाली. बैल म्हटलं म्हणून चिडू नकोस. चिडायचा हक्क आज माझा आहे. इतकी वर्षं ज्यावरून भांडलो त्याचं उत्तर हातात आलं, आणि भांडायला तूच जागेवर नाहीस, हे काय वागणं झालं?

तुझ्या कॉलेजनं शोकसभा घेतली. सगळे उठून तुझ्या शांत, संयमी स्वभावाबद्दल बोलले. शांत! मी मागच्या रांगेत ओठ चावत बसले होते. फाटकासमोर कुणी स्कूटर लावली की "गाडी आपली, फाटकही आपलंच का?" अशी पाटी लावणारी बाई शांत? आईनं मात्र कमाल केली. विश्रांतवाडीच्या विहारात तिनं तुझ्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं, स्वतः खीर केली, आणि वंदना म्हणताना तिचाच आवाज सगळ्यांत आधी फुटला. तीच आई बरं का, जिनं आमच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं! "आम्ही पोटाला चिमटा काढून शिकवलं ते वानराची घाण गोळा करायला? आणि तीही माझ्या फ्रीजात?" तू शांतपणे म्हणालीस, "मावशी, घाण नाही, नमुना आहे." आईनं तुझ्यासकट तो नमुना जिन्यापर्यंत पोचवला होता. पुढच्या आठवड्यात तुलाच जेवायला बोलावून वर डबाही दिला, नवा, नमुन्यांसाठी वेगळा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. मधूनच सांगितलं तर निकालाची मजा जाईल.

आपण प्राणिशास्त्राच्या एकाच बाकावरच्या. पुढे अख्खं पुणं कॉम्प्युटरचे क्लास लावत सुटलं तेव्हा मीही लावला, कारण घरात पहिला मोठा पगार माझाच यायचा होता. दोन हजार साल उजाडलं की जगातली यंत्रं बंद पडणार, या धास्तीवर माझं पोट चाललं. तू कॉलेजात शिकवायला लागलीस आणि उरलेला जीव वानरांना दिलास. "तू यंत्रांची भीती दूर करतेस, मी वानरांची मोजते. धंदा एकच," असं म्हणून तू मला रविवारी स्कूटरवर मागे बसवलंस, ती शेवटपर्यंत उतरवली नाहीस.

खडकवासल्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी वडाखालचा तो मारुती, आणि त्याच्या मागच्या खडकांवर आपली टोळी. माद्यांना तू पेठांची नावं दिलीस. कसबा सगळ्यांत म्हातारी. भवानी दांडगट. सदाशिव कायम कुणावर तरी रुसलेली आणि ते उघड सांगणारी. मी म्हटलं, "ही तर हुबेहूब तू." तू म्हणालीस, "म्हणूनच दिलंय." आणि बुधवार, म्हणजे आपली बुधी. पिल्लू असतानाच तिची आई विजेच्या तारेला चिकटून गेली. दुसऱ्या दिवशी आपण पोचलो तर ही एवढीशी काळ्या तोंडाची पोर खडकाच्या फटीत अंग चोरून बसली होती. तू दुर्बीण खाली ठेवलीस आणि बराच वेळ उचललीच नाहीस.

ताण मोजायची तुझी रीत मी ऑफिसात कितीजणांना समजावली असेल! रानातल्या जनावराचं रक्त काढायचं तर पकडावं लागतं, आणि पकडलं की ते इतकं भेदरतं की आपण मोजतो ती आपणच घातलेली भीती. शीला हात लावायला जनावराची परवानगी लागत नाही. घाबरल्यावर अंगात जे हॉर्मोन उसळतं, त्याचे अंश साधारण एका दिवसानं शीत उतरतात. "शी कालचं बोलते," हे तुझं ब्रह्मवाक्य. तू झाडाखाली दुर्बिणीला डोळे लावून बसणार आणि ओरडणार, "बुधी! डावीकडचा खडक! पळ!" की मी हातमोजे चढवून खडकावर. आपल्या देशाच्या प्रगतीत मी काय केलं असं कुणी विचारलं तर हे सांगेन म्हणते.

आणि वर्षामागून वर्षं तेच यायचं. बाकीच्या माद्यांचे आकडे खालीवर, बुधीचा मात्र नेहमी चढा. मोठी झाली तरी चढा. पिल्लू झालं तरी चढा. तू हात झाडून म्हणायचीस, "बघ. पहिल्या वर्षात जे बसलं ते बसलं. पाया कच्चा राहिला की पुढे नुसती डागडुजी."

मला ते वाक्य सहन व्हायचं नाही. त्याचं कारण रमा, हे तुला माहीत होतं.

रमाला आम्ही घरी आणायचं ठरवलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्या दोन वर्षांत तिच्या वाट्याला काय आलं होतं ते संस्थेतल्या बाईंनी सांगितलं, आणि मी ते तुला सांगितलं. तू चहा ढवळत राहिलीस. मग म्हणालीस, "आण. जरूर आण. पण तिची पहिली दोन वर्षं तुला परत देता यायची नाहीत, एवढं समजून आण." मी उठून निघून गेले होते. खरं सांगू? तो घाव नव्हता, ते कुसळ होतं. घाव भरतो. कुसळ बोटात फिरत राहतं. रमा उशीखाली पोळी लपवायची, मला तुझं वाक्य आठवायचं. शाळेच्या फाटकात पाय रोवून उभी राहायची, मला बुधीचा आकडा आठवायचा. माझी पोर हट्ट करत होती की पाया कच्चा होता, हे मला कळेनासं झालं. चारचौघींच्या पोरी फाटकात रडतात तेव्हा त्या नुसत्या रडतात. माझी रडली की मी विज्ञान काढून बसायचे.

"एका जनावरावरून सिद्धांत काय मांडतेस?" असं मी भांडले की तू म्हणायचीस, "एका नाही, दोन." दुसरी कोण ते विचारायची गरज नव्हती. तुझी आई तू चालायला लागायच्या आत गेली. मग काही महिने काकांकडे, काही आत्याकडे, मग मामाकडे, प्रत्येक घरी वेगळी वळकटी. हे तू कधी रडून सांगितलं नाहीस, टाचण वाचल्यासारखं सांगायचीस. तो भला माणूस तुझ्यासाठी किती थांबला होता! त्याला नाही म्हणालीस, कारण पाया. माझ्या घराशेजारचा फ्लॅट मिळत होता, तोही नको, कारण पाया. आणि मग ते. आम्ही नवराबायकोनं इच्छापत्र करायचं ठरवलं, आमचं काही बरंवाईट झालं तर रमाला सांभाळायला तुझं नाव घालायचं म्हणून मी विचारायला आले. तू सरळ म्हणालीस, "नको. मी टिकणारी नाही. ज्याला लहानपणी कुणी धरून ठेवलं नाही, त्याला धरून ठेवता येत नाही. बुधीकडे बघ, स्वतःचं पोर दुसऱ्यांच्या हवाली करून बसते."

"अगं शहाणे, वानरांत सगळ्याच आया पोरं एकमेकींकडे देतात! तूच शिकवलंस!"

"देतात. बुधी जास्त देते."

घ्या! त्यानंतर आपण पुष्कळ रविवार हसतखेळत काढले, भजी खाल्ली, धरणाच्या कडेला कणसं खाल्ली, रमालाही बरोबर न्यायला लागलो. पण तो विषय तसाच मध्ये पडून राहिला. दोघी त्याला वळसा घालून चालायचो.

मग तू आजारी पडलीस. रविवारी तुझ्या उशाशी बसायची पाळी माझी. त्याच सुमाराला आमचा अमेरिकेचा क्लायंट शनिवारी काम काढायला लागला आणि त्याच्या बदल्यातली सुट्टी मला गुरुवारी मिळायला लागली. म्हणून मी गुरुवारी डोंगरावर जायला लागले. त्यात डोकं वापरलं नव्हतं, शपथेवर सांगते. नमुने चुकले तर तू सलाईन उपटून उठशील, एवढीच भीती. दवाखान्यात तू डोळे उघडलेस की पहिला प्रश्न, "घेतलेस?" मी म्हणायचे, "घेतले." तुला हायसं वाटायचं. कुठल्या वारी घेतले ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

काय नव्हतं, ते विचार!

तुझ्या लॅबमधल्या मैत्रिणीचा मेल आला. मी आधी बुधीचा आकडा बघितला, मग नाव नीट बघितलं, मग पुन्हा आकडा. तिला फोन करून म्हटलं, "डबे बदलले असणार." ती म्हणाली, "दोनदा करून बघितलं." शरू, बुधीचा आकडा कसब्याएवढा! भवानीएवढा! गुरुवारचे सगळे नमुने काढून बघितले, सगळ्यांत बुधी चारचौघींसारखी! मला आधी वाटलं, इतक्या वर्षांनी सुधारली की काय. मग आठवलं, तुझ्या आजारपणातला एकच रविवार असा होता की तुझी चुलतबहीण आली म्हणून मी सुटले आणि डोंगरावर गेले. त्या रविवारचा नमुना होता. आकडा चढा. पुन्हा आपला जुना, ओळखीचा, चढा.

गुरुवारी शांत, रविवारी घाबरलेली. आणि शी कालचं बोलते.

शनिवार, शरू! शनिवार!

लगेचच्या शनिवारी रजा टाकून गेले. आपण दोघी एवढ्या शिकलेल्या, आणि शनिवारी मारुतीला काय असतं हे आपल्याला सुचू नये? तू शनिवारी कॉलेजात, मी घरच्या रगाड्यात, आपण उगवणार रविवारी सकाळी, आणि पडलेली केळ्यांची सालं बघून पर्यटकांच्या नावानं बोटं मोडणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वडाखाली ही गर्दी. नारळ, रुईच्या माळा, आणि पुण्याहून गाड्या भरून आलेली मंडळी वानरांना केळी आणि फुटाणे घालताहेत. मारुतीचं लेकरू म्हणून हौसेनं, हात जोडून. सगळी टोळी खाली उतरलेली. एका केळ्यावर चौघी तुटून पडताहेत, दात दाखवताहेत, शेपट्या ओढताहेत. भवानीनं बुधीला असं झोडपलं की मी ओरडले. सदाशिव रुसायचं सोडून चावत होती. बुधीच्या बाजूनं धावून येईल असं कुणी नव्हतं. ती जाऊन त्याच फटीत बसली, जिथे आपण तिला पहिल्यांदा पाहिली होती. माझ्या शेजारी नारळ फोडणाऱ्या आजोबांनी विचारलं, "बाई, आज शनवार हाय, तुमी आज कशा?" मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

गुरुवारी त्याच डोंगरावर केळं नाही, माणूस नाही. बुधी पाला खाते, कसबा तिच्या पाठीतल्या उवा काढते, दुपारी सगळ्या एका ओळीत शेपट्या सोडून झोपतात. हे आपण कधी बघितलंच नव्हतं. आपण तिच्या आठवड्यातला सगळ्यांत वाईट दिवस निवडला, तोच वर्षानुवर्षं मोजला, आणि त्याला तिचं बालपण म्हटलं.

थांब, थांब. तुझं तोंड उघडलेलं मला इथून दिसतंय. "सुजाता, एका जनावरावरून सिद्धांत मांडू नये." हो ना! माझंच वाक्य मला! "आणि शनिवारी तिलाच मार का बसतो? पाठीशी आई नव्हती म्हणून. म्हणजे फिरून बालपणच." मान्य. कबूल. इतर प्राण्यांत लहानपणीची उपासमार, भीती, आयुष्यभर पुरते, हेही खरं असेल, तू उगीच वाचत नव्हतीस. बुधीला आई नव्हती, ते खरंच आहे आणि ते कुणी पुसू शकत नाही. पण भीती तिच्या रक्तात मुरून बसलेली नाही गं. भांडण झालं की घाबरते, मिटलं की निवते. पाया कच्चा नाहीये तिचा. शनिवार वाईट आहे, एवढंच. आणि शनिवार बदलता येतो! मी गावातल्या लोकांशी बोलणार आहे, पाटी लावणार आहे. "श्रद्धा मारुतीवर ठेवा, केळी घरी ठेवा." कशी आहे? तू आणखी बोचरी लिहिली असतीस.

रविवारी रमा क्लासच्या दारात पाय रोवून उभी राहिली, नाही जायचं म्हणून. मी पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मनात कुठलाही आकडा न आणता तिला विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "सर बोअर करतात." बस्स. एवढंच होतं. मी तिथेच मटकन पायरीवर बसले आणि हसायला लागले. ती म्हणाली, "आई, लोक बघतायत."

आता तुझ्याबद्दल. हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते आणि तू उठून स्वयंपाकघरात निघून गेली असतीस, म्हणून इतके दिवस राहिलं. तू स्वतःला कुठल्या वारी मोजलंस, शरू? वळकटी उचलायच्या दिवशी, ना? काकांच्या दारातून आत्याच्या दारात जायच्या दिवशी. तेवढेच दिवस धरलेस आणि त्यावरून उरलेलं आयुष्य लिहून टाकलंस. मला राग येतो. तुझ्यावर नाही, त्या आकड्यावर. आणि थोडा तुझ्यावरही येतो, खोटं कशाला बोलू.

काल गुरुवार होता. रमाला शाळा बुडवून डोंगरावर नेलं. टोळी वरच्या खडकावर होती, बुधी मधोमध, तिचं पिल्लू सदाशिवच्या मांडीवर. मी रमाला सगळं सांगितलं, शनिवारचं, गुरुवारचं, मावशीचा हिशेब कुठे फसला ते. तिनं नीट ऐकलं. आपण बसायचो त्या झाडाखाली जाऊन बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"मावशी इथे बसायची," ती म्हणाली. "तू पुढे गेलीस ना नमुने आणायला, की माझा हात धरून बसायची."

मी म्हटलं, "कोण, शरूमावशी? छे! तिला हात धरलेला आवडायचा नाही."

"आवडायचा. तू वर जाईपर्यंत धरायची. मला भीती वाटायची ना वानरांची, म्हणून. दुर्बीणपण एकाच हातानं धरायची. तू परत यायला लागलीस की सोडायची." मग जरा विचार करून म्हणाली, "दर वेळी धरायची. मी मोठी झाल्यावरपण. मला तेव्हा भीती वाटत नव्हती, पण मी सांगितलं नाही तिला."

इतके रविवार, शरू. मी तुमच्याकडे पाठ करून खडकावर शी गोळा करत होते, आणि माझ्या मागे तू माझ्या पोरीला धरून बसली होतीस.

इच्छापत्रात रमासाठी आता दुसरं कुणाचं तरी नाव घालावं लागेल. पण वाद मी जिंकलेय. ऐकतेस का? मी जिंकलेय. आता एकदा उठून, तुझ्या त्या तिरक्या आवाजात, मला उलट बोल ना गं.